चित्त्यापुढे उतरलेला जावई

लग्न जमवायला लोक एकमेकांच्या घरी पोहे खायला जातात. आम्ही आफ्रिकेला गेलो. ही कल्पना उरणच्या भाऊशेठची. त्यांचं कंटेनर यार्ड होतं, दोन बंगले होते, आणि निलेश नावाचा एकच मुलगा होता, ज्याच्याकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं, पण ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या भावकीतल्या एका हळदीत त्यानं मला पाहिलं. डीजेच्या भिंतीसमोर मी आईला हाताला धरून बाहेर नेत होते, कारण त्या दणदणाटानं तिच्या छातीत धडधडत होतं. निलेशला त्या अवस्थेत मी आवडले. आठवड्याभरात भाऊशेठ आप्पांना म्हणाले, की पाहण्याचा कार्यक्रम वगैरे जुनी पद्धत झाली, दोन्ही घरं मिळून एक फॉरेन टूर करू, पोरापोरींची ओळख होईल, मग आल्यावर साखरपुडा. सिंगापूर त्यांचं झालं होतं. दुबई सगळ्यांचंच झालं होतं. म्हणून आफ्रिका.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचे वडील पावणे गावातल्या शेतात भात लावायचे आणि उरलेल्या वेळात खाडीत जाळं टाकायचे. शेतावर कारखाने उभे राहिले तेव्हा आप्पांनी त्याच कारखान्यांना आधी पाण्याचे टँकर पुरवले, मग भरणीची माती, आणि मग स्वतःच इमारती बांधायला घेतल्या. आमचं घर तीन मजली होतं. आत शिरताना पाय घसरेल अशी गुळगुळीत फरशी, जिन्याला पितळी कठडा, आणि दिवाणखान्यात एवढं मोठं झुंबर की उंच माणसानं वाकून जावं. या सगळ्यात आई राहायची कुठे, तर मागच्या पडवीत. तिथं तिची चूल होती. वर दोन स्वयंपाकघरं असूनही ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची ती तिथंच. माझी सकाळ त्या थापण्याच्या आवाजानं व्हायची. त्यानंतर कारखान्याचा भोंगा, आणि वारा फिरला असेल तर औषधांच्या कंपनीचा उग्र वास, जो सुक्या जवळ्याच्या वासात मिसळून एक तिसराच वास तयार करायचा. तो वास माझ्या कपड्यांना येतो, या भीतीनं मी वाशीच्या कॉलेजात कायम मागच्या बाकावर बसायचे.

तेव्हा मला आईची लाज वाटायची. हे आज लिहिताना सोपं वाटतं, कारण आज ती लाज माझीच होती हे मला माहीत आहे. त्यावेळी मात्र ती आईच्या अंगावरच कुठेतरी आहे असं मला वाटे. तिचं नऊवार, तिचं ‘हाय’ नि ‘नाय’, बोटांच्या पेरांत मुरलेला मासळीचा वास. कॉलेजात मी इंग्रजी बोलायला शिकले होते, मोठ्या कष्टानं, आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून, आणि आमच्या सात पिढ्यांत ते येणारी मी पहिलीच. त्या जोरावर मी घरातल्या सगळ्यांकडे वरून पाहायला लागले होते. एकोणीस वर्षांच्या मुलीनं वरून पाहावं असं आमच्या घरात बरंच काही होतं, त्यामुळे मला कधी कमी पडलं नाही.

आईनं टूरसाठी बॅगेत काय भरलं, तर दोन किलो तांदळाचं पीठ आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा स्टीलचा डबा. मी विमानतळावर तिच्यापासून चार पावलं लांब चालत होते. लॉजवर पहिल्याच सकाळी बाल्कनीत एक माकड आलं, त्यानं तो डबा उघडला, हुंगला, आणि डबा तिथंच टाकून निघून गेलं. मला माकडाचं म्हणणं अगदी पटलं.

आम्ही सहा जण एकाच गाडीत होतो. आप्पा, आई, मी, भाऊशेठ, त्यांची बायको म्हणजे काकी, आणि निलेश. गाडीचं छप्पर वर उचललेलं, म्हणजे उभं राहून जनावरं पाहता यावीत. चालवणारा डॅनियल चाळिशीचा असावा. रोज इस्त्रीचा शर्ट, समोर काचेपाशी पक्ष्यांचं एक जीर्ण पुस्तक. तो आईला ‘मामा’ म्हणायचा. पहिल्यांदा तसं म्हणाला तेव्हा भाऊशेठ पोट धरून हसले. “वैनी, तुमाला मामा बोलतोय तो. आता भाच्याला काय देनार?” मी डॅनियलला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे आईला, वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. मी ते मराठीत सांगितलं. भाऊशेठना त्यात काही गंमत उरली नाही, म्हणून ते पुन्हा मामाच्या विनोदावर हसले. दिवसभर हसत राहिले.

बाहेर काय होतं ते मी सांगू शकते, पण आमच्या गाडीत ते कोणी पाहिलं असं म्हणवत नाही. पिवळ्या गवताचं एक अफाट मैदान, मधूनच एखादं सपाट डोक्याचं झाड, आणि ढगांच्या सावल्या गवतावरून सरकताना दिसाव्यात एवढं मोकळं आकाश. झेब्रे दिसले तेव्हा भाऊशेठ म्हणाले, “हे राणीच्या बागेत पन हायेत.” जिराफ दिसला तेव्हा काकींनी विचारलं, याचं चामडं पर्सला चालतं का. रानम्हशींचा कळप आला तेव्हा आप्पांनी त्यांच्या वजनाचा अंदाज बांधला. निलेश हँडीकॅम डोळ्याला लावून होता, पण कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यानं स्वतःकडे वळवून घेतला होता. जनावर मागे, पुढे निलेश, असं त्याचं चित्रीकरण चालू होतं. एका झुडपाखाली सिंह झोपला होता. त्याच्याभोवती अकरा गाड्या, प्रत्येक गाडीच्या छपरातून माना वर काढलेली माणसं, आणि सिंहाच्या पोटावर माश्या. तो शेपटी हलवी तेवढ्यानं अकरा गाड्यांतून सुस्कारा निघे. मला तेव्हा वाटलं, या सगळ्यांत शहाणा तोच आहे, डोळे मिटून पडलाय.

आदल्या दिवशी वाटेत एका तळ्यावर गुलाबी फ्लेमिंगो पाहिले होते. भाऊशेठनी निलेशकडून अर्धा तास शूटिंग करून घेतलं. आमच्या गावामागच्या खाडीत थंडी सरताना हेच पक्षी उतरतात, आणि त्याच खाडीच्या कडेला आप्पांचे डंपर माती ओतायचे. तिथं कधी कोणी हँडीकॅम घेऊन गेलं नव्हतं. हे मी तळ्यावर बोलूनही दाखवलं. आप्पा म्हणाले, “जास्त शानपना करू नको.” ते बरोबर होतं. मला त्या पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं, आप्पांना टोचायचं होतं एवढंच.

डॅनियल मात्र पाहायला शिकवायचा. तो हळूच गाडी थांबवायचा, पुस्तकातलं पान उघडायचा आणि बोट दाखवायचा. पुढच्या सीटवर आई बसली होती, कारण तिला मागे मळमळायचं. रानम्हशीच्या पाठीवर पांढरा पक्षी बसलेला पाहून ती म्हणाली, “ह्यो तर आपला बगला. मिठागरावर ढीग असायचे.” मी डॅनियलला सांगितलं. त्यानं पुस्तक चाळून पान आईसमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं चित्रावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग तो अधूनमधून एकेक पक्षी दाखवायचा, आणि ती कधी मान हलवायची, कधी “ह्यो नाय म्हाईत,” म्हणायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि त्या गाडीत तेवढेच दोघं एकमेकांशी बोलत होते. मागून भाऊशेठ म्हणायचे, “अरे पक्षी काय दाखवतो, वाघ दाखव.” आफ्रिकेत वाघ नसतो हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

साडेदहाच्या सुमाराला डॅनियलनं गाडी एकदम थांबवली, इंजिन बंद केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. डावीकडे, साधारण शंभर पावलांवर, गवतातून एक डोकं वर आलं होतं. चित्ता. मादी होती, आणि तिच्यामागे उंच गवतात तीन पिल्लं, मानेवर राखाडी केसांची आयाळ असलेली. त्यांच्यापुढे हरणांचा एक छोटा कळप चरत होता. मादी एक पाऊल टाकायची आणि थांबायची. तिचे खांदे वर येत, मग खाली जात. डॅनियल कुजबुजला, बरगड्या बघा, तिनं दोन-तीन दिवस खाल्लेलं नाही. मी ते आईला सांगितलं. आईनं पदर तोंडाशी धरला आणि पुढे वाकून पाहत राहिली.

“जवल घे ना गाडी,” भाऊशेठ म्हणाले. मी डॅनियलला सांगितलं. त्यानं मान हलवली. वाट सोडून गवतात जायला बंदी आहे, आणि आता हललो तर तिची शिकार जाईल. भाऊशेठना नकार ऐकायची सवय नव्हती. ते पुन्हा म्हणाले, “त्याला बोल, टिप देतो.” डॅनियलनं पुन्हा मान हलवली. तेवढ्यात सरकता दरवाजा सरकल्याचा आवाज झाला. निलेश खाली उतरला होता.

त्यानं चित्त्याकडे पाठ केली, हात लांब करून हँडीकॅम स्वतःकडे धरला आणि उलटा चालत गवतात शिरू लागला. चेहऱ्यावर तेच हसू, जे हळदीत होतं. काकी म्हणाल्या, “बाला, लांब नको जाऊ हा.” जणू तो गल्लीत खेळायला निघाला होता. मादीची मान वळली. ती आता हरणांकडे पाहत नव्हती. मागच्या गवतात पिल्लं हलली, आणि निलेश पावलापावलानं पिल्लांच्याच दिशेनं मागे जात होता.

डॅनियलनं क्षणभरही विचार केला नाही. गाडी सुरू केली, वाट सोडली, गवत चिरडत गाडी मादी आणि निलेशच्या मधे नेऊन उभी केली, आणि खिडकीतून हात काढून निलेशची कॉलर धरली. हरणं उधळली. मादी एका दिशेला पळाली, पिल्लं दुसऱ्या. गवत हललं आणि मग हलायचं थांबलं. निलेश गाडीत चढताना म्हणाला, “शर्ट फाडला माझा येड्यानं.” भाऊशेठनी पोराला कॅमेरा चालू होता का ते विचारलं.

पाच मिनिटांत वनखात्याची जीप आली. हिरव्या गणवेशातला अधिकारी खाली उतरला, गवतातले चाकांचे माग त्यानं पाहिले, डॅनियलकडे पाहिलं. डॅनियल काही बोलला नाही. पाहुण्याबद्दल तक्रार करणाऱ्या ड्रायव्हरला टूरवाले दुसऱ्या दिवशी ठेवत नाहीत, हे मला नंतर कळलं. अधिकाऱ्यानं इंग्रजीत आम्हाला विचारलं, गाडी वाटेवरून का उतरली?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊशेठ शांतपणे म्हणाले, “सांग त्याला, डायवर स्वताच घेऊन गेला. आमी नको नको बोलत होतो.” मी आप्पांकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून कधी मान खाली घातली नव्हती, तो भाऊशेठच्या खांद्याकडे पाहत होता. “बोल तसं,” ते म्हणाले. “होनारं सासर हाय तुजं.”

आणि मी तसं बोलले. एवढ्या मेहनतीनं शिकलेली इंग्रजी भाषा मी पहिल्यांदा कोणाच्या तरी आयुष्यावर परिणाम होईल अशा कामाला लावली ती यासाठी. वाक्य व्याकरणशुद्ध होतं. ड्रायव्हरनं स्वतःच गाडी आत घातली, आम्ही त्याला नको म्हणत होतो. निलेशला एवढं इंग्रजी कळत होतं, त्यानं समाधानानं मान डोलावली. अधिकाऱ्यानं डॅनियलच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि त्याला सांगितलं, पाहुण्यांना लॉजवर सोड आणि फाटकाच्या कचेरीत ये. डॅनियलनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसल्यासारखं.

परतीच्या वाटेवर त्यानं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं नाही.

लॉजवर जेवणाची वेळ होती. भाऊशेठ, काकी आणि निलेश वाढून घेत होते, आप्पा त्यांच्यामागे ताट घेऊन उभे होते. आईनं माझं मनगट धरलं आणि मला व्हरांड्यात नेलं. तिनं विचारलं, “काय बोललीस तू त्या साहेबाला?”

“काही नाही. भाऊशेठ म्हणाले तेच.”

“ते काय म्हनाले ते मी आयकलं. तू काय बोललीस?”

तिनं माझं मनगट सोडलं नाही. “चल,” ती म्हणाली. मी म्हटलं, आई, आप्पा चिडतील, लग्न मोडेल, तुला काही कळत नाही. ती चालायला लागली होती. लॉजपासून कचेरी पाव मैल असेल, लाल मातीच्या रस्त्यानं, डोक्यावर ऊन. नऊवार नेसलेली एक बाई पुढे, जीन्स घातलेली मुलगी मागे ओढली जातेय, आणि लॉजचे माळी काम थांबवून पाहतायत. सकाळी मी सिंहाला शहाणा म्हटलं होतं. मला त्या क्षणी कोणीतरी सिंह करावं आणि झुडपाखाली झोपवावं असं वाटत होतं.

कचेरीत डॅनियल बाकावर बसला होता. अधिकारी काहीतरी लिहीत होता. आई त्याच्या टेबलासमोर उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला आणि मला म्हणाली, “मी बोलते ते सांग. तुज्या मनाचं काय घालू नको.” मग अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, “माज्या पोरीनं तुमाला खोटं सांगितलं.”

अधिकारी माझ्याकडे पाहत होता. आई थांबली. तिला घाई नव्हती. शेवटी मी ते इंग्रजीत सांगितलं. ‘तिची मुलगी’ म्हणून मला स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलता आलं असतं, पण तोंडातून ‘मी’ असंच निघालं. मी तुमच्याशी खोटं बोलले. आईला फरक कळला की नाही माहीत नाही. ती पुढे बोलू लागली, आणि मी एकेक वाक्य मागून. तो पोरगा खाली उतरला. हा मानूस त्याला वाचवायला गेला. ती पिल्लांची आई उपाशी गेली, त्याला आमी जबाबदार. याच्या घरी पन कोनतरी जेवायचं थांबलं असंल. डॅनियल मान खाली घालून ऐकत होता. शेवटच्या वाक्याला त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

ओळखपत्र त्याला परत मिळालं. निलेशला दंड झाला आणि पुन्हा आत जायची बंदी. दंडाचं काही नव्हतं, भाऊशेठना दंड भरायची सवय होती. त्यांना झोंबलं ते वेगळंच. ते आप्पांना म्हणाले, “तुमच्या घरात बायका बोलतात हे मला म्हाईत नव्हतं.” दुसऱ्या दिवशी ते तिघं दुसरी गाडी करून नैरोबीला गेले. निघताना काकींनी माझ्याकडे पाहिलं, बहुतेक पर्सच्या नजरेनं.

आप्पांनी आईला विचारलं, “तुला कोनी मधी पडायला सांगितलं होतं?” मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, “मला कोन कदी काय सांगतं? मी नुसती बगते. आज बगितलं, ते सांगितलं.” आप्पा आमच्याशी मुंबईत उतरेपर्यंत बोलले नाहीत. गावात सांगण्यात आलं की पत्रिका जुळली नाही.

निलेशचे फलक आता निवडणुकीच्या दिवसांत चौकाचौकात लागतात. त्यांवर तो वन्यजीवप्रेमी असतो, आणि त्याच्यामागे कुठूनतरी उचललेला चित्ता असतो. मला त्याबद्दल काही वाटत नाही. मी शिकवते, इंग्रजीच शिकवते, रबाळ्याच्या एका शाळेत. सुट्टीत मुलगी मला कुठल्या तरी जंगलात नेण्याच्या गोष्टी करते आणि मी काहीतरी कारण काढते. गाडीतून मान वर काढून उभं राहणाऱ्या माणसांत पुन्हा जायची माझी तयारी नाही.

आप्पा आता ऐंशीकडे आलेत. भावकीत कुठे चार माणसं जमली की ते आफ्रिकेची गोष्ट सांगतात. तिच्यात चित्ता दहा पावलांवर असतो, भाऊशेठ थरथर कापत असतात, आणि आप्पा छाती काढून उभे असतात. “मी पोरीला बोललो, घाबरायचं नाय. खरं काय ते सायबाला सांग. लग्न गेलं खड्ड्यात.” ऐकणारे माना डोलावतात. आई तिथंच मासळी साफ करत बसलेली असते, मान वर करत नाही. मागच्या हळदीत मी तिला न राहवून विचारलं, तू काही बोलत कशी नाहीस, धडधडीत खोटं सांगतायत ते.

तिनं हातातला बोंबील फिरवून पाहिला. “बोलू दे त्यांना,” ती म्हणाली. “तवा बोलायला पायजे होतं, ते आता बोलतात. उशीर झाला, पन बोलतात ना.”